सात नंबरची नळी

सात नंबर रेषेच्या वर होता. थोडाथोडका नव्हे, चांगला ऐटीत वर, खालच्या नऊ ठिपक्यांशी आपला काही संबंधच नाही असा. मला आधी वाटलं पडद्यावर डाग पडलाय. बाहीने पुसला. ठिपका तिथेच. मागे नळ्या फिरवायचं यंत्र घरघरत होतं, खिडकीखाली कुणीतरी मोटार मागे घेत होतं आणि माझ्या हातातला चहा गार होऊन त्यावर साय धरली होती, हे सगळं मला अजून जसंच्या तसं आठवतं. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या, कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि म्हणाल्या, "नळी बदलली गेलीय. पेशंटची नळी निरोग्यांत आलीय. सात टाकून द्या." नळी बदलली गेलीय! अठरा वर्षं मी रक्ताच्या नळ्या हाताळतेय, त्यातली नऊ याच खोलीत, आणि आजवर माझ्या हातून एक नळी इकडची तिकडे झालेली नाही. लोकांच्या हातून कपबशा फुटतात, लग्नं मोडतात, माझ्या हातून नळी बदलत नाही. माझ्या नाकावर माशी बसलेली मला चालत नाही हे खरं, पण त्या वेळी मी हबकले ती अपमानाने नव्हे. सात नंबर म्हणजे मी होते.

आमच्याकडे ल्यूपसवर काम चालतं. अंगातला पहारेकरी अंगावरच उलटतो तो आजार. सांधे, कातडी, मूत्रपिंड, जे हाताला लागेल ते झोडपत सुटतो. विषाणू आत शिरला की पेशी आरडाओरडा करून शेजारच्या पेशींना सावध करतात. त्या आरडाओरड्याचं नाव इंटरफेरॉन, आणि तो किती मोठ्याने चाललाय हे रक्तावरून मोजता येतं. ल्यूपसच्या पुष्कळ पेशंटांत चोर आलेला नसतानाही तो चालूच असतो. पण जास्त म्हणजे कुणापेक्षा जास्त? त्यासाठी धडधाकट माणसं लागतात, ती शोधत कुठे हिंडणार, म्हणून इथे रिवाजच पडलाय: महिन्याच्या पहिल्या सोमवारी आमच्यातलेच दहा जण बाही वर करतात. नळीवर पांढरी पट्टी, पट्टीवर नुसता आकडा. कुणाचा आकडा कुठला हे विचारायचं नाही. आपला मात्र ज्याला त्याला पाठ असतो. आजवर दहांची सरासरी काढायचो आणि पुढे जायचो. या आठवड्यात नवं यंत्र आलं म्हणून मॅडमनी प्रत्येकाचा ठिपका वेगळा मागितला, एवढंच घडलं. नऊ वर्षं मी त्या सरासरीत लपून बसले होते आणि माझं मलाच माहीत नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

"टाकत नाही," मी म्हटलं, "पुन्हा लावते." शीतखोलीच्या दाराशी स्टुलावर बसून मी माझं मीच रक्त काढलं. डाव्या हाताने उजव्या हाताचं काढता येतं मला, त्याचा मला फुकटचा अभिमानही आहे. रक्त नळीत चढत होतं आणि मी त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट बघत होते. 'आपल्या रक्तात दम आहे,' नाना म्हणायचे. आमचे नाना, म्हणजे वडील, साथीच्या रोगांच्या दवाखान्यात चादरी उकळायच्या कामावर होते. मोठ्या तापाची साथ आली त्या वर्षी त्यांच्या बरोबरीचे चौघे पडले, त्यातले दोघे उठले नाहीत. नाना मात्र रोज संध्याकाळी साबणाचा आणि औषधाचा वास घेऊन घरी यायचे, दोन्ही दंड फुगवून दाखवायचे आणि पोटभर जेवायचे. त्यांना कधी शिंकसुद्धा आलेली मी पाहिली नाही. त्यामुळे आमच्या घरात आजारी पडणं हा एक प्रकारचा उद्धटपणा होता. आई डोकं दुखलं तर आम्हांला नव्हे, मोरीच्या भिंतीला सांगायची. मी मोठी, कधी काही न होणारी, म्हणून नाना मला 'दगड' म्हणायचे. माझी धाकटी बहीण दिवस भरायच्या आधी आली, पहिला महिना कापसात गुंडाळून ठेवावी लागली, म्हणून ती 'कापूस'. नावं लाडाचीच होती. लाडाची नावंच अंगाला जास्त चिकटतात, हे तेव्हा कुणाला ठाऊक.

कापसाची आठवण नको असताना आली, कारण तीन दिवसांपूर्वीच आमचं फाटलं होतं. तिच्या नवऱ्याचा फोन आला होता. गरीब माणूस, कधी आवाज चढवत नाही, त्या दिवशी मात्र नमस्कारही न करता सुरू झाला. "ताई, तिने गोळ्या बंद केल्यात. तीन महिने झाले. मला शिलाईच्या डब्यात सगळी पाकिटं सापडली. लघवीतून प्रथिनं जायला लागलीत. डॉक्टर म्हणाले, आता लगेच सुरू केल्या तर सावरेल, आणखी महिना असाच गेला तर मूत्रपिंडांचं काही खरं नाही. मी बोललो तर ऐकत नाही. तुमचं ऐकेल." माझं ऐकेल! मी लगेच फोन लावला आणि सुरुवातच 'अक्कल गहाण टाकलीस का' अशी केली. मग ती शांतपणे म्हणाली, "ताई, तूच सांगत आलीस ना मला, तुझी प्रतिकारशक्तीच कमी आहे म्हणून? या गोळ्या ती आणखी कमी करतात. पाकिटातल्या कागदावरच लिहिलंय. आमच्या शाळेत निम्मी पोरं तापाने पडलीत. आधीच मी कापूस, त्यात किती पिंजून घेऊ?" आणि फोन ठेवला. खरं सांगते, तिचं म्हणणं माझंच होतं. तिला ल्यूपस आहे हे कळल्यापासून दहा वर्षं मी दर भेटीला तिच्यासाठी शक्तीची बाटली घेऊन गेले होते. काळी, पिवळी, कडू, गोड, जी मिळेल ती. मी, जी रोज आठ तास ल्यूपसचं रक्त मोजते! कामावरचं ज्ञान कामावर आणि घरचं अज्ञान घरी, असे दोन डबे मी इतके घट्ट लावून ठेवले होते की एकाचा वास दुसऱ्याला लागला नाही. ल्यूपसमध्ये पहारा कमी नसतो, जास्त असतो, हे मी कुणालाही झोपेतून उठून सांगितलं असतं. फक्त तिला सांगितलं नव्हतं. तिच्याकडे बघितलं की मला कापूसच दिसायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी निकाल आला. सात, पुन्हा वर, तेवढ्याच ऐटीत. मॅडम म्हणाल्या, "हं. म्हणजे नळी बरोबर आहे, माणूस वेगळा आहे," आणि सात नंबरने रक्त द्यायला लागताना भरलेला फॉर्म कपाटातून शोधायला लागल्या. फ्रिजच्या चकचकीत दारात मला माझा चेहरा दिसत होता. मी गालांवर तांबडं काही आहे का बघितलं. बोटांची पेरं दाबून बघितली. सकाळी उठल्यावर गुडघा धरतो तो वयाने की कशाने? गेल्या महिन्यात केस जास्त गळले का? दोन मिनिटांत मी स्वतःला इतके रोग लावून घेतले की नाना असते तर मला घराबाहेर काढलं असतं. मला भीती वाटत होती. साधी, लहान मुलाला वाटते तशी भीती. कापसाला ही भीती गेली कितीतरी वर्षं रोज सकाळी वाटत असेल, आरशासमोर, एकटीला, आणि मी तिला बाटल्या देत होते. "मॅडम, शोधू नका," मी म्हटलं. "सात मी आहे."

फॉर्म तोपर्यंत त्यांच्या हातात आला होता. नऊ वर्षांपूर्वीचं माझं अक्षर, नव्या नोकरीतलं, नको तितकं सुबक. 'कुटुंबात कुणाला ल्यूपस किंवा तत्सम आजार आहे का?' समोर मी लिहिलं होतं: नाही. त्याच्या आदल्याच वर्षी कापसाचं निदान झालेलं होतं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "खरंच नाही?" मी म्हटलं, "आहे. सख्खी धाकटी बहीण." मॅडमनी फॉर्मवर बोट ठेवलं. "मग लिहिलं का नाहीत?" काय सांगणार? लपवायचं असं काही मनात नव्हतं. नोकरी जाईल अशी भीतीही नव्हती. पेन हातात होतं, प्रश्न समोर होता आणि हाताने आपोआप तेच लिहिलं जे आमच्या घरात कुणीही, केव्हाही विचारलं तरी सांगितलं जायचं. कुणी आजारी? छे, आमच्याकडे कुणी नाही. "सवयीने," मी म्हटलं. मॅडमचा चेहरा लाल झाला. "नऊ वर्षं! अहो, आमच्या फुटपट्टीतच खोट! दहातला एक भाग तुमचा! सगळ्या सरासऱ्या पुन्हा काढायच्या आता!" त्यांचं बरोबर होतं. मी मान खाली घालून उभी राहिले. शाळेतही कधी राहिले नव्हते. पण खरं सांगू का, मला त्या सरासऱ्यांचं तेवढं वाईट वाटत नव्हतं. त्या एका 'नाही'ने मी माझ्या बहिणीला कागदावरून पुसून टाकलं होतं आणि नऊ वर्षं दर महिन्याला तिच्यासारखंच रक्त निरोगी म्हणून देत होते. मला रडू आलं. कामाच्या जागी, हातमोजे घालून, नाकही पुसता येईना.

रडणारा दगड बघून मॅडम गडबडल्याच. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, स्वतःचा रुमाल दिला आणि एरवी पाहुण्यांना सांगतात ते मला सांगायला लागल्या, जसं मी कधी ऐकलंच नव्हतं. "हे बघा, तुमच्या बाकीच्या तपासण्या करून घेऊ, पण घाबरू नका. पेशंटांच्या सख्ख्या नातेवाइकांत पुष्कळदा हा आकडा वर असतो आणि त्यातले बरेच जण जन्मभर ठणठणीत राहतात. विषाणूंशी लढायची काही जीन्स काही घराण्यांत जरा तापट असतात. साथीत ती कामाला येत असतील. पण तोच तापटपणा एखाद्यात, बहुधा बाईमाणसात, इतर दहा गोष्टी जुळल्या की स्वतःवर उलटतो. अंगातल्याच मेलेल्या पेशींचा कचरा बघतो आणि विषाणू समजून बोंब ठोकतो." मी म्हटलं, "चोर सोडून संन्याशाला फाशी." "अगदी. आणि जीन म्हणजे निकाल नव्हे हं. एकाच घरातल्या दोघींत एकीला होतो, एकीला होत नाही. का, ते आम्हांला अजून पुरतं कळलेलं नाही. ऊन असेल, एखादा जुना संसर्ग असेल, नशीबही असेल." "म्हणजे ती कमजोर नाही," मी म्हटलं. मॅडमचं लक्ष परत आकड्यांकडे गेलं होतं. "कमजोर कसली? जरुरीपेक्षा जास्त जागी," असं म्हणून त्या सरासऱ्या काढायला निघून गेल्या.

जिना उतरताना मला गालगुंडाचं वर्ष आठवलं. मी सातवीत, कापूस तिसरीत. शाळेत गालगुंडाची साथ आली, बाकं रिकामी पडली. आम्ही दोघी मात्र रोज हात धरून जायचो. तिच्या वर्गात चारच पोरं उरली होती. त्या पंधरवड्यात चाचणी झाली, पळायची शर्यत झाली, पाठांतर झालं, आणि कापूस सगळ्यात पहिली आली. धावत घरी आली आणि उंबऱ्यातूनच ओरडली, "मी पहिली आले!" नाना हसून म्हणाले, "अगं, चौघांत कोण पहिलं येत नाही?" सगळे हसले. मीही हसले. तिला गालगुंड झालं नव्हतं हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. त्याआधीच्या वर्षी कांजिण्या झाल्या नव्हत्या, हेही नाही. कापसाला काही होत नाही, हे आमच्या डोक्यात मावणारं वाक्यच नव्हतं. पुढे पंचविशीत गालांवर चट्टे उठले, सांधे सुजले, तेव्हा मात्र सगळ्यांनी एका सुरात माना डोलावल्या: कापूसच तो. चार पोरांवरून काही सिद्ध होत नाही, मॅडम लगेच म्हणतील. न होऊ दे. मला सिद्ध करायचं नव्हतं, सांगायचं होतं. मी वाटेत पहिल्यांदाच बाटली घेतली नाही.

शनिवारी दुपारी तिच्या दारात उभी राहिले तेव्हा हातात फक्त एक पाकीट होतं. दार तिनेच उघडलं. घरात सगळे पडदे ओढलेले, कारण तिला ऊन चालत नाही. एके काळी शाळेत खेळाची शिक्षिका होती, दिवसभर मैदानावर शिट्टी फुंकत. आता त्याच शाळेत पुस्तकं देते-घेते. शिट्टी अजून खिळ्याला टांगलेली. तिचे घोटे सुजून गुळगुळीत झाले होते. "नवऱ्याने चुगली केली, आता बहीण फौज घेऊन आली," ती म्हणाली. "कुठाय बाटली?" "नाही आणली." "अरे वा, सूर्य पश्चिमेला उगवला." मी पाकिटातला कागद तिच्या मांडीवर ठेवला. नव्याने भरलेला फॉर्म. तिने तो पडद्याच्या फटीतल्या उजेडात धरून वाचला. 'कुटुंबात कुणाला आहे का? आहे. सख्खी धाकटी बहीण.' "हे काय?" मग मी सगळं सांगितलं. ठिपका, सोमवार, जुना फॉर्म, त्यावरचं 'नाही'. तिने त्या 'आहे'वर बोट फिरवलं. "नऊ वर्षं," ती म्हणाली. "मी आहे हे तू लिहिलं नाहीस." "नाही लिहिलं. चुकलं माझं." आयुष्यात हे वाक्य मी तिला पहिल्यांदा म्हणत होते. ते म्हटल्यावर जीव जात नाही, हेही पहिल्यांदाच कळत होतं.

"तुझं रक्त आणि माझं रक्त एकाच जातकुळीचं आहे," मी म्हटलं. "नानांचंही असणार. ते दंड फुगवायचे ना, तोच दम तुझ्यात आहे. आपल्या दोघींपैकी दमाची तू जास्त, म्हणून तर तो तुलाच मारतोय. या गोळ्या तुला कमजोर करायला नाहीत गं. त्या आरडाओरड्याला जरा बस म्हणायला आहेत. मी तुला कमजोर म्हणत आले तेच खोटं होतं, आणि ते धरून तू गोळ्या सोडल्यास." ती फॉर्मच्या घड्या घालत आणि उलगडत राहिली. "आणि शाळेतला ताप?" तिने विचारलं. मला 'काही होत नाही' असं म्हणायचा मोह झाला. घरची सवय. पण मी म्हटलं, "त्याची काळजी घ्यावी लागेलच. संसर्गाचा धोका गोळ्यांनी थोडा वाढतो, खोटं कशाला बोलू. डॉक्टरांना विचारू, लस घेऊ, साथ असेल तेव्हा रजा घे. पण ताप येईल की नाही माहीत नाही, मूत्रपिंडं मात्र आत्ता, इथे, तुझ्या घोट्यांत दिसतायत." तिने पाय साडीखाली ओढून घेतले. "गालगुंडाचं वर्ष आठवतं?" मी विचारलं. ती चटकन म्हणाली, "पहिली आले होते." "चौघांत," मी म्हटलं, आणि जीभ चावली. ती मात्र हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले, परत हसली. "अति तिथे माती म्हणायचे नाना," ती म्हणाली. "स्वतःच्या रक्तालाही म्हणायचं होतं." मग उठून शिलाईचा डबा घेऊन आली. दोऱ्याच्या रिळांखाली तीन महिन्यांच्या गोळ्या नीट रचून ठेवलेल्या होत्या, एकही न फेकता. फेकायच्या असत्या तर तिने कधीच फेकल्या असत्या. मी पाणी आणायला उठले तर म्हणाली, "बस तू. मला हात आहेत." आधी तिने डॉक्टरांना फोन लावला, इतक्या दिवसांनी कितीने सुरू करू ते विचारलं, भरपूर बोलणी खाल्ली, आणि मग माझ्यासमोर गोळी घेतली.

या गोष्टीला आता तीन महिने होतील. माझ्या बाकीच्या तपासण्या साफ आल्या, आज तरी. दर वर्षी करायच्या आहेत. सरासऱ्या पुन्हा निघाल्या आणि मॅडमनी मला चार पानी कबुलीजबाब लिहायला लावला, तो फाइलीत आहे. पांढऱ्या पट्ट्यांच्या रांगेत सात नंबर आता हिशेब बघणाऱ्या बाईंना मिळालाय. मी पिवळ्या पट्टीत गेले, नातेवाइकांच्या. कापसाच्या घोट्यांची हाडं परत दिसायला लागली आहेत. लघवीतली प्रथिनं निम्म्याहून खाली आली, अजून पूर्ण थांबलेली नाहीत. डॉक्टर म्हणाले, वाट बरोबर धरलीय. आणि काल पहिल्या सोमवारी ती स्वतःहून आली, छत्री, टोपी, लांब बाह्या असा सगळा सरंजाम करून. "माझंही घे," म्हणाली. "निळ्या पट्टीत घाल, पेशंटांच्या, पण तुझ्या शेजारी ठेव." मी तिचा दंड बांधला, शीर बोटाने चाचपली, सुई लावली आणि हुकले. अठरा वर्षांत पहिल्यांदा. "दगड म्हणे," ती म्हणाली आणि दुसरी बाही वर केली. दुसऱ्या हाताची शीर एका झटक्यात मिळाली.

ती गेल्यावर मॅडम तिचा फॉर्म तपासत होत्या. एका ओळीपाशी थांबल्या आणि मला हाक मारली. 'लहानपणी झालेले संसर्गाचे आजार' या प्रश्नासमोर कापसाने ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: गालगुंड नाही, कांजिण्या नाहीत. वर्गात पहिली. "हे शेवटचं काय आहे?" मॅडमनी विचारलं. "खोडायचं का?"

"राहू द्या मॅडम," मी म्हटलं. "ते खरं आहे."